सासूबाईंनी लावलेला मैदा

आमच्या सासूबाई खाली बसेनाशा झाल्या, हे घरात आधी माझ्या लक्षात आलं. नवऱ्याला बोलले तर म्हणाला, "तिला उभ्याने काम करायची सवय आहे." त्याच्या लक्षात एखादी गोष्ट यायची म्हणजे घराला आग लागून ती विझून जायला हवी.

काम उभ्याचंच होतं, हे खरं. घराच्या पुढच्या भागात बेकरी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. भट्टी बाईमाणसाला झेपायची नाही, असं चार लोकांनी येऊन सांगितलं. सासूबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी मैदा मळायला घेतला. पोती त्या स्वतः पाठीवर घेऊन कोठीत रचायच्या. पोतं उचलताना श्वास कोंडून धरायच्या आणि ठेवताना "हं" करून सोडायच्या. त्या "हं"वरून मला मागच्या खोलीत कळायचं की माल आला.

त्यांचा एक नियम होता. माल भट्टीत असताना जागेवरून हलायचं नाही. "भट्टीकडे आणि तान्ह्या पोराकडे पाठ करू नये," असं त्या म्हणायच्या. झाकण उघडून रंगावर नजर ठेवायची. तहान, भूक, परसाकडं, सगळं माल निघाल्यावर. लग्न होऊन आले तेव्हा मला ती थट्टा वाटली. एकदा मी पटकन जाऊन आले, तेवढ्यात बिस्किटांचा एक पत्रा करपला. तो काळा पत्रा त्यांनी गल्ल्यामागे भिंतीला टेकवून ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायच्या. मी काही गरीब गाय नव्हे, पण त्यानंतर भट्टी पेटलेली असताना मी कधी हलले नाही. त्या तर त्याआधीपासूनच कधी हलल्या नव्हत्या. कळ दाबून ठेवायच्या आणि मग सवड मिळाली की तासन्‌तास कुंथत बसायच्या. बद्धकोष्ठाला त्या आजार मानायच्याच नाहीत. तो त्यांच्या लेखी धंद्याचा भाग होता.

धंद्याने त्यांना दमाही दिला होता. मैद्याची धूळ छातीत बसलेली. त्यांना खोकला लागला की पलीकडच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवायचा. तो खोकला हळूहळू बारीक होत गेला, तेव्हा मला वाटलं की औषध लागू पडलं. मग एकदा कोठीच्या दारातून पाहिलं. खोकला येतोय असं वाटताच त्यांनी मळायचं टेबल दोन्ही हातांनी धरलं, पाय एकमेकांना आवळले आणि तोंड मिटून आतल्या आत खोकल्या. चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. मी दारातून तशीच मागे फिरले.

पोत्यांच्या मागे दोरीवर फडकी वाळत असायची. एका फडक्यावर रक्ताचा फिकट डाग होता. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच शब्द घर करून बसला आणि तो मी तोंडातून बाहेर काढत नव्हते. माझ्या मावशीला अशाच एका डागाने नेलं होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुझं काम कर." मी पुन्हा विचारलं नाही, कारण त्यांनी खरंच सांगितलं असतं तर मी काय करणार होते?

त्या दुपारी माल निघाला, पत्रे गार व्हायला ठेवले आणि सासूबाई मागे गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात. मी डबे भरत होते. मग न्हाणीघरातून हाक आली, इतकी हळू की आधी मला भासच वाटला.

"अगं, ऐकतेस का? तू एकटीच ये. त्याला नको."

दाराला कडी लावलेली नव्हती. सासूबाई गुडघ्यांवर होत्या, एका हाताने नळ धरलेला, कपडे कमरेशी खोचलेले. बादलीशेजारी वाटी होती आणि वाटीत मैदा. न्हाणीघरात मैदा कशाला, हे मला कळेना. मग मी खाली पाहिलं.

मुठीपेक्षा मोठं, लालभडक, गोल वळ्यावळ्यांचं काहीतरी मागून बाहेर आलं होतं आणि त्यावर पांढरा चिकट लगदा बसला होता. पोटातलं सगळंच बाहेर पडतंय, असं मला वाटलं.

"दाबलं की आत जातं," सासूबाई म्हणाल्या. "आज जात नाहीये."

"म्हणजे हे आधीपासून येतंय?"

"आधी नुसतं बसलं की यायचं. मग खोकलं की यायला लागलं. हल्ली उभी राहिले तरी येतं."

"आणि हा मैदा?"

"ओलं असतं ना, हाताला चिकटतं. कोरडा मैदा लावला की चिकटत नाही." मला पाव वळायला शिकवताना जसं सांगितलं होतं, अगदी तशाच सुरात त्या बोलल्या.

"आई, तो काय गोळा आहे का मळलेला?"

तोंडातून निघून गेलं. एरवी त्यांनी मला उभं चिरलं असतं. त्या नळ धरून तशाच राहिल्या, आणि मग मात्र मी खरी घाबरले.

पाव पोचवायच्या गाडीत मागे रिकामी पोती पसरली आणि त्यांना कुशीवर निजवलं. मी शेजारी बसले. पुढून नवरा दर वळणावर विचारत होता, "झालंय तरी काय तिला?"

"अहो, तुम्ही पुढे बघून चालवा."

सासूबाईंनी माझं मनगट पकडलं होतं. "आतडं आहे का गं ते? धक्क्याने तुटलं तर?"

"नाही तुटत."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही, आई," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं.

दवाखान्यात पडद्याआड त्यांना पालथं निजवलं. सर्जन बाईच होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी हातमोजे घातले, वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजी, हे पांढरं काय लावलंय?"

सासूबाईंनी तोंड उशीत खुपसलं. घरातली अब्रू वेशीवर टांगायची ती मी कशाला टांगू?

"मलम आहे का कुठलं? मला कळायला हवं."

"मैदा," उशीतून आवाज आला.

पडद्याजवळच्या नर्सने खोकल्याचं निमित्त केलं. सर्जनबाई हसल्या नाहीत. "पाण्यात मैदा घातला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको," एवढंच म्हणाल्या आणि कोमट पाण्याने हळूहळू सगळं धुऊन काढू लागल्या. मग नर्सकडे वळून म्हणाल्या, "स्वयंपाकघरातून साखर आणा. साधी, दाणेदार. भांडंभर."

सासूबाईंनी मान वर केली. "बाई, म्हातारीची थट्टा करताय का?"

"थट्टा नाही, आजी. बाहेर राहून ते सुजलंय, म्हणून आत जात नाही. साखर त्यातलं पाणी ओढून घेते. सूज उतरली की जाईल."

"आणि नाही उतरली तर?"

सर्जनबाईंनी थाप मारली नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते. "आता ते लाल आहे, म्हणजे रक्त पोचतंय. काळपट पडलं, तर मला लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल."

साखर जाड थराने पसरली, वर ओलं फडकं ठेवलं, आणि सर्जनबाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. अधूनमधून नर्स येऊन फडकं उचलून बघायची. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सासूबाई पालथ्या, तोंड भिंतीकडे.

"रंग काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

भट्टीपाशी त्या मला दिवसातून कितीदा तरी हेच विचारायच्या. दुसऱ्या कोपऱ्यात मळत असतील तर तिथून ओरडायच्या, रंग काय म्हणतोय, आणि मी झाकण उघडून सांगायची, अजून फिकट आहे, किंवा आता काढू या. मी नर्सबरोबर वाकून पाहिलं. साखरेचा पाक होऊन ओघळत होता. आतलं लाल जरा गडद वाटलं, की दिवाच पिवळा होता, मला ठरवता येईना. एका करपलेल्या पत्र्यावरून वर्षभर बोलणी खाल्लेल्या बाईला कुणी विचारूच नये असा तो प्रश्न होता.

"लाल आहे, आई."

"नीट बघ. घाई करू नकोस."

"लालच आहे."

शेवटी सर्जनबाई आल्या, दोन्ही हातांनी चहूबाजूंनी दाब देत राहिल्या, आणि ते हळूहळू आत गेलं. सासूबाईंनी "हं" केलं. पोतं खाली ठेवतानाचं तेच "हं". मी पडद्याबाहेर येऊन भिंतीला टेकले आणि रडले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं आई गेली. त्याला शुद्धीवर आणायला पुन्हा त्याच नर्सला बोलवावं लागलं.

आत गेलं म्हणजे संपलं नव्हतं. पुढच्या दिवसांत तपासण्या झाल्या, आतून दुर्बिणीने बघितलं. गाठ नव्हती. माझ्या मनात घर करून बसलेला शब्द निघून गेला, पण त्याच्या जागी दुसरी भीती लगेच राहायला आली. सर्जनबाईंनी आम्हा तिघांना बसवलं. म्हणजे आम्ही दोघं बसलो, सासूबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"याला गुदभ्रंश म्हणतात," सर्जनबाई म्हणाल्या. "आतड्याचं शेवटचं टोक धरून ठेवणारं सगळं सैल पडलंय, म्हणून ते उलटं होऊन बाहेर येतं. गोळीने ते परत घट्ट होत नाही. असंच ठेवलं तर वाढत जाईल, आणि परवासारखं पुन्हा अडकेल. दरवेळी साखर उपयोगी पडेलच असं नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. दोन रस्ते होते. एक वरून: पोटाला लहान भोकं पाडून, दुर्बिणीने बघत, आतडं वर ओढून माकडहाडाच्या वरच्या हाडाला टाक्यांनी किंवा जाळीने पक्कं करायचं. ते जास्त टिकतं. पण त्याला पूर्ण भूल लागते, घशात नळी घालतात आणि पोटात हवा भरतात. दुसरा खालून: पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करायचं, पोटाला हात लावायचा नाही. थोडंच बाहेर येत असेल तर आतलं अस्तर काढून स्नायूला चुण्या घालतात. जास्त येत असेल तर जादाचा भाग कापून टोकं जोडतात. "आजींचं जास्त आहे, त्यामुळे खालून केलं तर कापून जोडावं लागेल. शरीराला ते सोसायला सोपं. पण खालून केलेलं पुन्हा बाहेर येण्याची शक्यता जास्त असते."

"वरून करा," नवरा म्हणाला. "एकदाच काय ते कायमचं."

"त्यांची छाती बघता मला ते धोक्याचं वाटतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही."

"आणि तो जोड?" मी विचारलं. "तो सुटला तर?"

"क्वचित सुटतो. मग ताप येतो, पोट दुखतं, आणि काही काळ पोटावर पिशवी लावावी लागू शकते. मी लपवणार नाही."

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "वरून केलं तर श्वास जायचा, खालून केलं तर लाज. मला घरी घेऊन चला."

आणि खरंच चपला घालून दाराकडे निघाल्या. नवरा त्यांच्या मागे धावला, समजावू लागला. मला राग आला. इतका की पुढचामागचा विचार न करता मी मध्ये उभी राहिले.

"कुठे घरी? न्हाणीघरात? पुन्हा अडकलं तर कुणाला हाक मारणार आहात? मलाच ना? मी तो रंग पुन्हा नाही बघणार, आई. मला नाही जमणार ते. परवापासून मी डोळे मिटले की मला तेवढंच दिसतंय. मला भीती वाटते."

सासूबाई थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कशालाही भ्याले नव्हते, निदान तसं दाखवलं नव्हतं.

मग त्या बाकावर एका कुशीवर टेकल्या आणि मला अशी एक गोष्ट सांगितली जी त्यांनी मुलालाही सांगितली नव्हती. नव्या लग्नाच्या असताना कोठीत रचलेल्या पोत्यांची थप्पी त्यांच्या अंगावर कोसळली होती. एक पोतं फुटलं. नाकातोंडात मैदा, डोळ्यांवर मैदा, आणि वर वजन. सासऱ्यांनी पाय धरून ओढून काढलं. तेव्हापासून त्या तोंडावरून पांघरूण घेत नाहीत. तोंडावर भुलीचा मुखवटा येणार या विचारानेच त्यांचा श्वास अडकत होता.

"म्हणून भट्टीपाशी उभी राहते मी," त्या म्हणाल्या. "कोठीत कमी आणि भट्टीपाशी जास्त. लोकांना वाटतं मी शिस्तीची आहे."

मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठलं. ते आले आणि सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसले. "आजी, कमरेखालचं बधिर करू. तोंडावर मुखवटा नाही. नाकाशी एक बारीक नळी ठेवू, ती तुम्ही हाताने काढू शकाल इतकी साधी. तुम्ही जाग्या असाल, माझ्याशी बोलत असाल. मध्ये पडदा असेल, तुम्हाला काही दिसणार नाही."

"मला नाही दिसणार. त्यांना दिसेल ना."

"त्यांना दिसलं नाही तर त्या शिवणार कशा?"

सासूबाईंच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. त्याला होकार म्हणतात, हे मला सवयीने ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर होते. नवरा येरझाऱ्या घालत होता. दार उघडलं की मी उठून उभी राहायची. पुढे भूलवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की आजींनी आत संपूर्ण वेळ त्यांना पाव कसा फुगतो आणि का फुगत नाही, हे शिकवलं. मध्येच गप्प झाल्या तर ते घाबरून विचारायचे, "आजी, मग पुढे काय करायचं?" कमरेखाली काय चाललंय याची आठवण येऊ नये म्हणून त्या बोलत होत्या की ते त्यांना बोलतं ठेवत होते, हे दोघांनाही सांगता आलं नाही.

नंतरचे दिवस मी त्यांच्या कपाळावर हात ठेवण्यात घालवले. जरा गरम लागलं की मला पिशवी दिसायची. ताप आला नाही. पण ताट परत जाताना रिकामं असायचं आणि सासूबाई मात्र रोज उतरत चालल्या होत्या, तेव्हा मला शंका आली. शेजारच्या खाटेवरची बाई छान बाळसं धरत होती. मी दाराआड थांबून पाहिलं, तर आमचं जेवण तिच्या ताटात चाललेलं.

"आई, हे काय चाललंय?"

"भट्टीत माल घातलाच नाही तर काढायला लागत नाही," त्या पुटपुटल्या.

जुलाबाचं सरबतही त्यांनी कुंडीत ओतलं होतं. संडासात बसलं, जोर लागला, की सगळं पुन्हा बाहेर येणार, टाके सुटणार, या भीतीने त्या उपाशी होत्या. मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. रात्रंदिवस मलाही तीच भीती होती, फक्त मी जेवत होते. सर्जनबाईंनी येऊन शांतपणे सांगितलं की उपाशीपोटी जखम भरत नाही, आणि कडक झालेलं पोट जोडाला जास्त घातक. "मऊ होईल असं खा, भरपूर पाणी प्या, हे सरबत घ्या, कुंथू नका. आणि आयुष्यभरासाठी एक: कळ आली की उठायचं. भट्टीत काही का असेना."

"करपलं तर?"

"करपू दे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागले. त्या क्षणी मी हसले असते तर ते त्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं.

त्या खायला लागल्या. घोट घोट सरबतही घेऊ लागल्या. आणि मग एका सकाळी त्यांनी माझी बाही ओढली. चेहरा पांढराफटक. "आली."

मी त्यांना धरून संडासापर्यंत नेलं आणि बाहेर उभी राहिले. आतून काही आवाज नाही. मी दारावर कान लावला. खूप वेळाने पाण्याचा आवाज आला.

"आई?"

कडी निघाल्याचा आवाज झाला. दार किलकिलं झालं. "अगं, ये आत. एकटीच ये."

मी आत गेले. त्या भिंतीवरचा दांडा धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"मला हात लावून बघायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तू बघ."

ज्या बाईने पोत्यांच्या आड फडकी वाळवली, खोकला गिळला, सगळ्या घराला फसवलं, ती मला बघ म्हणत होती. मी खाली बसले. मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण उघडे ठेवले.

"काही नाही, आई. काही बाहेर नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"थांब. उठू नकोस. सांभाळून खोकायला सांगितलंय, पण एकदा बघू दे." त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय मोकळे ठेवले आणि तोंड उघडून खोकल्या. वॉर्डात ऐकू जाईल असा, पलीकडच्या शिंप्याने मशीन थांबवावं असा तो जुना खोकला. बाहेर काही आलं नाही.

"रंग काय म्हणतोय?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत त्या पुन्हा खोकल्या, आणि मी तशीच बसून बघत राहिले.